देवळामागचं जंगल

पाटणादेवीला मी आजवर तीसेक वेळा तरी गेलो असेन. चाळीसगावात वाढलेल्या माणसाला यात विशेष काही नाही. जावळ असो, नवस फेडायचा असो, घरात नवी सून आलेली असो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सतरंज्या, वांगी, बट्ट्यांचं पीठ आणि गोवऱ्यांचं पोतं टाकायचं, बायकापोरांना वर चढवायचं आणि निघायचं. दर्शन, ओटी, झाडाखाली वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी, पुरुषमंडळींचा पत्त्यांचा डाव, ऊन उतरलं की परत. देवळाच्या मागं काय आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही.

विचारलं ते भाचीनं. ती नाशिकला असते, नववीत आहे. तिनं मोबाइलवर एका धबधब्याचा फोटो दाखवला. "मामा, हे पाटणादेवीचं आहे म्हणे. तू पाहिलंयस ना?"

मी म्हणालो, "हो, लांबून."

लांबूनसुद्धा पाहिलेला नव्हता. त्या एका थापेपायी ऑक्टोबरात चार दिवस काढावे लागले.

शुक्रवार, गावातच

महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुण्याहून निघालो, चाळीसगावला उतरलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. भाची आदल्या रात्रीच येऊन आजीजवळ झोपलेली. आई ओटीचं सामान काढून बसली होती: खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं. दसरा होऊन आठवडाही झाला नव्हता. "नवरात्रात तिथं पाय ठेवायला जागा नसते. मागून गेलं तर देवी काही हजेरी घेत नाही," हे तिचं दर वर्षीचं.

दुपारी करायला काही नव्हतं म्हणून भाचीला स्टेशनजवळ केकी मूस यांच्या बंगल्यावर नेलं. हा पारशी फोटोग्राफर पन्नासेक वर्षं या घराच्या बाहेर जवळजवळ पडलाच नाही. १९८९ मध्ये गेला तोही इथंच. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा पाडायचा आणि कॅमेऱ्यातून पाहिलं की समोर अख्खा मुलूख उभा, ही त्याची टेबलटॉप फोटोग्राफी. भाची एका फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "खरं जंगल १८ किलोमीटरवर असताना यांनी टेबलावर का बनवलं?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी तरी कुठं गेलो होतो.

शनिवार, देऊळ आणि केदारकुंड

सकाळी आठला गाडी काढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, वेचणाऱ्या बायकांच्या कमरेला ओट्या बांधलेल्या. पाटणा गाव मागं पडलं की समोर सातमाळा डोंगररांगेची भिंत उभी राहते. भिंतच म्हणायला हवं, कारण इथं डोंगर हळूहळू चढत नाही. काळ्या बसाल्टचे थर एकावर एक रचल्यासारखे सरळ वर जातात आणि वर पोचलं की सपाटी लागते. खाली खान्देश, वर मराठवाडा.

वनखात्याच्या फाटकावर गाडीचा नंबर लिहिला, माणशी पैसे घेतले, पिशव्यांत डोकावून पाहिलं. हे गौताळा-औट्रम घाट अभयारण्य. १९८६ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २६० चौरस किलोमीटर, थोडं जळगाव जिल्ह्यात आणि बरंचसं घाटावर. आमच्या लहानपणीही हे अभयारण्यच होतं म्हणजे. आम्ही त्याला "देवीचं रान" म्हणायचो, आणि तिथं गोवऱ्या पेटवून बट्ट्या भाजायचो. आता आत जाळ करायला मनाई आहे. आईनं बट्ट्या घरूनच आणल्या होत्या, पण फाटकातून पुढं आल्यावर तिनं एकदा सुस्कारा सोडलाच. "थंड बट्टी म्हणजे काय, धोंडा."

फाटकाच्या आसपास आपट्याची चार-पाच झाडं दिसली, खालच्या फांद्या ओरबाडलेल्या, सालीसकट सोललेल्या. दसऱ्याचं सोनं. शहरात तरी लोक कांचनाची पानं आपटा समजून वाटतात, इथं खरा आपटा आहे म्हणून त्याची ही गत.

देवीचं दर्शन निवांत झालं. गर्दी नाही, पुजाऱ्याला घाई नाही, आईला हवी तशी ओटी भरता आली. तिचं चाललं होतं तोवर मी भाचीला या देवळातल्या शिलालेखाची गोष्ट सांगायला घेतली, आणि जरा भाव खाल्ला, कारण हा एक विषय मी खरंच वाचून आलो होतो.

'लीलावती' लिहिणारे भास्कराचार्य शके १०३६ मध्ये, म्हणजे १११४ साली जन्मले. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पुरा केला, 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं पाटण्यात मठ काढला आणि इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं १२०७च्या सुमारास त्या मठाला उत्पन्न लावून दिलं. ते सगळं दगडावर कोरलेलं आहे. भाऊ दाजी लाडांनी १८६५ मध्ये हा लेख जगापुढं आणला, तोवर पाटण्याबाहेर कोणाला पत्ता नव्हता.

"म्हणजे इथं गणिताचं कॉलेज होतं?" भाची.

"कॉलेज म्हण. आणि सिलॅबस आजोबांचा."

लेखाचा बराच भाग संस्कृत आहे, पण पैशाअडक्याचा व्यवहार आला की तो मराठीत उतरतो. "इयां पाटणीं जें केणें उघटे", म्हणजे या पाटणात जो माल विक्रीला उघडेल, त्याच्यावर राजाला मिळणारा कर मठाला दिला. मला हे फार आवडतं. श्लोक संस्कृतात, पण कर कोणी किती द्यायचा हे बाजारातल्या माणसाला कळेल अशा भाषेत. आणि बाजार! आज इथं नारळाची चार दुकानं आणि चहाची एक टपरी आहे. आठशे वर्षांपूर्वी इथं कराच्या उत्पन्नावर मठ चालेल एवढी पेठ होती. ती पेठ कुठं गेली हे विचारायचं तर या जंगलालाच विचारावं लागेल.

आईला देवळाच्या ओट्यावर तिच्या वयाच्या तिघी भेटल्या, तिला मग आमची गरज उरली नाही. आम्ही दोघं आधी महादेवाच्या हेमाडपंती देवळाकडं गेलो. उंच जोत्यावर उभं आहे, भिंतींना कोनांमागून कोन काढलेले, त्यामुळं उन्हाची रेघ सरकत जाते तसतसं देऊळ वेगळं दिसतं. मागं कण्हेरगड. त्याच्या पोटात नागार्जुन कोठडी नावाची जैन लेणी आहेत, त्यात तीर्थंकर बसलेले. म्हणजे एका खोऱ्यात देवी, महादेव, तीर्थंकर, आणि वरच्या अंगाला पितळखोऱ्याच्या लेण्यांत बुद्ध. गडावर आम्ही गेलो नाही. वाट गवतानं पार मिटली होती.

त्या गवताबद्दल एक शब्द. ऑक्टोबरात इथलं गवत कमरेएवढं आणि कुसळांनी पिकलेलं असतं. कुसळ आधी सॉक्समध्ये शिरतं, मग चालता चालता स्क्रूसारखं फिरत फिरत कातडीपर्यंत पोचतं. जून-जुलैत येणाऱ्यांना हे सुख नाही. भाचीनं शहाणपणानं पायघोळ पॅन्ट बुटांत खोचली होती, मी तीन-चतुर्थांश चड्डी घालून आलो होतो.

केदारकुंडाची वाट नाल्यातून जाते. वाट म्हणजे धोंडे. काही बैलगाडीएवढे, काही मडक्याएवढे, आणि मधूनमधून पाण्याचे डोह. वीस मिनिटं झाली असतील, माझ्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि मगरीसारखा आ वासून फडफडायला लागला. चार वर्षं माळ्यावर पडलेले बूट, दोष कोणाला देणार? नारळाच्या पिशवीला सुतळी होती ती काढून बांधला. तेवढ्यात समोरून डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक आजी आली. आमच्या पायांकडं पाहून थांबली.

"कठे जाई राहिनात?"

"केदारकुंड."

"पानी कमी व्हयनं आते. दगडंवर शेवाळ शे, जपीसन चाला." मग सुतळीकडं बोट करून भाचीला म्हणाली, "तुन्हा मामाले आठेच बसाड."

तिच्या पायात काहीही नव्हतं.

मी बसलो नाही. कुंड एका वळणाआड आहे, आधी आवाज येतो, मग गारवा येतो आणि मग दिसतं. तिन्ही बाजूंनी कातळ आणि वरून पाण्याची एक जाडशी वेणी. आजीच्या मते हे कमी पाणी. खालचं कुंड हिरवंकाळं, तळ दिसत नाही. कातळाच्या एका सपाटीवर पाण्याचे तुषार जिथं पोचतात तेवढ्याच पट्ट्यात नेचे उगवलेले, एका हातभर अंतरावर कोरडं कुसळी गवत. म्हणजे पाणी कुठवर उडतं याची रेघ नेच्यांनी आखून ठेवलेली. भाचीनं त्या रेघेवर बोट फिरवलं आणि कितीतरी वेळ काही बोलली नाही. मी कुंडात उतरलो नाही. जिथली खोली कळत नाही आणि जिथं मदत यायला तास लागेल तिथं उतरू नये एवढी अक्कल मला आहे, बुटांच्या बाबतीत नसली तरी.

शांतता पाच मिनिटं टिकली. मागून सात-आठ पोरांचा घोळका आला, एकाच्या पाठीवर स्पीकर. त्यांच्यामागं वनखात्याचा एक पोरगेलासा माणूस धावत आला आणि त्यानं तो स्पीकर बंद करायला लावला. भांडला नाही, फक्त म्हणाला, "वर आग्या मोहोळ आहे दादा." सगळ्यांनी वर पाहिलं. स्पीकर पिशवीत गेला.

परतीला देवळाजवळ नदी ओलांडली. ही डोंगरी. खाली जाऊन चाळीसगावात तितूरला मिळते. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस एका रात्री या डोंगरात असा पाऊस झाला की कन्नड घाटात दरडी आल्या आणि दोन्ही नद्या चाळीसगावात शिरल्या. आमच्या ओसरीच्या भिंतीवर त्या पाण्याची मातकट रेघ अजून आहे. आईनं तिच्यावर चुना मारू दिलेला नाही. आज ती नदी घोट्याएवढी होती, मुलं तिच्यात खेकडे शोधत होती. आमच्या ओसरीत शिरलेलं पाणी इथून निघालं होतं, हे मला या वयात पहिल्यांदा नीट कळलं.

जेवायला बसलो तर वानरांनी ओटीच्या नारळाची अर्धी वाटी पळवली. आई म्हणाली, "जाऊ दे, देवीच्याच घरचे आहेत." थंड बट्टी मात्र खरंच धोंडा होती.

रविवार, पितळखोरा

आज देवळात थांबायचं नव्हतं. पाटण्यातले एक काका वाटाड्या म्हणून बरोबर यायला तयार झाले होते. पन्नाशी उलटलेली, हातात काठी, खांद्यावर पाण्याची पाच लिटरची कॅन. माझ्या पायात रात्री बाजारातून घेतलेले नवे बूट. काकांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि "चावतील," एवढंच म्हणाले. चावले.

साडेसहाला निघालो. सागाची पानं अजून हिरवी होती, पण किड्यांनी जाळी केलेली, त्यातून ऊन चाळून पडत होतं. साग, धावडा, सालई, पळस, मधूनच अंजन. आणि सीताफळ तर कुठंही, कातळाच्या फटीतसुद्धा. काका एका सीताफळाला हात न लावता म्हणाले, "अजून डोळे उघडले नाहीत." फळाच्या खवल्यांमधल्या भेगा पिवळसर फाकल्या की डोळे उघडले. अभयारण्यातलं फळ तोडायचं नसतं हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही, पण तोडूही दिलं नाही.

थोडं पुढं एका चपट्या दगडावर काळ्या बियांची ढिगुळी होती, स्वच्छ, जणू कोणी धुऊन ठेवलेली. भाची खाली बसली.

"हे कोणी खाल्लं?"

"उदमांजर. रात्री येतं. गर पचतो, बिया तशाच पडतात." काकांनी काठीनं त्या पसरवल्या. "मग त्या उगवतात. हे जे सगळं सीताफळ दिसतंय ना, ते काही वनखात्यानं लावलेलं नाही."

भाचीनं बिया मोजल्या. ४१ निघाल्या. वहीत लिहून घेतल्या. तिच्या वहीत आतापर्यंत मोर ६, वानरं "खूप", खेकडे ३ आणि मामाचे बूट १ अशी नोंद होती.

ओल्या मातीत बिबट्याचा पंजा एका जागी दिसला. नखांशिवायचा, माझ्या तळहातापेक्षा लहान. एका झाडाच्या बुंध्यावर अस्वलाच्या नखांचे जुने ओरखडे होते, मधासाठी वर चढलेलं. मी काकांना वाघाबद्दल विचारलं. २०२१च्या मार्चमध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरहून एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालत या अभयारण्यात आला होता, वनखात्याच्या कॅमेऱ्यात टिपला गेला, तेव्हा सगळ्या पेपरांत होतं. काका म्हणाले, "आला व्हता. पेपरवाले जास्त आले." मग बराच वेळ चालल्यावर आपणहून म्हणाले, "त्या दिवसांत आमच्या गल्लीत रात्री कोणी बाहेर झोपलं नाही. पन बरं वाटलं. वाघ येतो म्हंजे रान रानच आहे अजून."

धवलतीर्थाचा धबधबा केदारकुंडापेक्षा उंच आणि उघडा. पाणी कातळावरून घसरत पांढरं होऊन येतं, नाव त्यावरूनच पडलं असावं. भाचीनं फोनमधला तो फोटो काढून पडताळून पाहिला. हाच होता. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "जवळून वेगळा दिसतो." ती म्हणाली, "मामा, पुरे."

इथून पुढं चढ. धबधब्याच्या बाजूनं झाडांची मुळं धरत वर जायचं. पावसाळ्यात ही वाट कोणी घेऊ नये, आणि एकट्यानं तर कधीच नाही. मला तीन ठिकाणी थांबावं लागलं, भाचीला एकदाही नाही, काका तर चढावर बिडी ओढत होते. (नंतर लक्षात आलं, बिडी पेटवलेली नव्हती. "रानात पेटवत नाही. नुसती धरतो.")

आणि मग घळ उघडली. समोर पितळखोऱ्याची लेणी.

अजिंठा पाहिलेल्या माणसाला पितळखोरा पहिल्यांदा पडका वाटतो. आहेच तो पडका. कड्याचा दगड ठिसूळ, पुढच्या भिंती कोसळून गेलेल्या, खांब सिमेंटनं उभे केलेले. पण ही लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. एकूण १४, त्यांत ४ चैत्यगृहं. म्हणजे चांगदेवानं खाली मठ काढला तेव्हा ही चौदाशे वर्षं जुनी होती. तो इथं वर येत असेल का? ज्योतिषाला आकाश बघायला उंची लागतेच की.

चौथ्या लेण्याच्या जोत्यावर ओळीनं हत्ती कोरलेले आहेत. जणू सगळं लेणं त्यांच्या पाठीवर तोललेलं. दाराशी दोन द्वारपाल भालाढाल घेऊन उभे, अंगात लांब बाह्यांचे अंगरखे. १९५०च्या दशकात म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली इथला ढिगारा उपसला तेव्हा हे सगळं बाहेर आलं. त्यातच एक बुटका, ढेरपोट्या, खुदकन हसणारा यक्ष सापडला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कण्हदास नावाच्या सोनारानं तो घडवला असं त्याच्यावर कोरलंय. सोनारानं दगड घडवला! खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत पैठणचा मितदेव, अत्तराचा धंदा करणाऱ्या घरातला. राजवैद्य मगिल याच्या घरच्यांचीही नावं आहेत. अत्तरवाल्या माणसानं या घळीत खांबासाठी पैसे का द्यावेत? कारण पैठणहून उत्तरेकडं जाणारा माल सातमाळा उतरूनच जायचा. ज्याचा माल ज्या डोंगरातून जातो त्या डोंगरातल्या भिक्खूंना तो विसरत नाही. खाली पाटण्याचा शिलालेख कराचं बोलतो, वर पितळखोरा दानाचं. दोन्हीकडं रस्ता तोच.

तिसऱ्या लेण्यातल्या खांबांवर नंतरच्या काळातली रंगीत बुद्धचित्रं अजून दिसतात. अगदी जवळ गेलं की तांबडा, मग पिवळा, मग एका बुद्धाचा अर्धा चेहरा. अर्धा कारण बाकीचा अर्धा पोपडा होऊन गेलाय, आणि उरलेल्यावर कोणीतरी किल्लीनं बदाम काढलाय.

लेण्यांच्या वर कड्याला आग्या मोहोळाची पाच पोळी लोंबत होती, प्रत्येक सुपाएवढं. काकांनी आवाज न करता बसायला सांगितलं. भाचीला कंटाळा येऊ नये म्हणून मी 'लीलावती'तलं भुंग्यांचं कोडं घातलं. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ एवढे मालतीच्या झाडाकडं गेले. थव्याचे आठ-नवमांशही गेले. एक भुंगा रात्री सुगंधाच्या लोभानं कमळात अडकला, आत गुणगुणतोय, आणि बाहेर त्याची भुंगी त्याला साद देतेय. तर एकूण किती?

तिनं पेन मागितलं नाही. काडीनं धुळीत लिहायला लागली. पुटपुटत होती: निम्म्याचं वर्गमूळ पूर्ण हवं, म्हणजे २, ८, १८, ३२, ५०, ७२... नवानं भागही जायला हवा. १८ किंवा ७२. १८ला तीन अधिक सोळा अधिक दोन, एकवीस, नाही. ७२ला सहा, चौसष्ट, दोन.

"बहात्तर."

काका तिच्याकडं, मग वर पोळ्यांकडं पाहून हळूच म्हणाले, "वर जास्त आहेत."

वरच्या अंगाच्या पायऱ्यांवरून एक कुटुंब उतरत आलं, हातात चिप्सच्या पुड्या, पायात चपला, बाळ कडेवर. कन्नडच्या बाजूनं रस्ता थेट डोक्यावर येतो, तिथून पायऱ्या उतरल्या की लेणी. आमचे तीन तास आणि त्यांची वीस मिनिटं. बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठून आलात? आमच्या आधी वर गाडी नव्हती." भाचीनं घळीकडं बोट केलं. बाईंनी घळीत वाकून पाहिलं आणि बाळाला घट्ट धरलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा बरं वाटलं.

उतरण चढणीपेक्षा वाईट. गुडघ्यांबद्दल लिहीत नाही.

सोमवार, वरच्या बाजूनं

रात्री आईला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "मला नेता येणार नाही का तिथं?" नेता येणार होतं, वरून.

कन्नड घाटाचं कागदावरचं नाव औट्रम घाट. जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी, १८२५ मध्ये खान्देशात आला आणि भिल्लांची पलटण उभारली. ज्यांच्या बंडामुळं कंपनीची झोप उडाली होती त्यांनाच गणवेश दिला. अभयारण्याच्या नावात तो साहेब अजून आहे, भिल्लांचं नाव नाही. चाळीसगावात मात्र घाटाला औट्रम म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही.

घाट चढून माथ्यावर आलो की हवा बदलते आणि पाण्याची दिशाही. भाचीला ते थांबून दाखवलं. कड्याच्या अलीकडं पडलेला थेंब डोंगरी, तितूर, गिरणा, तापी करत अरबी समुद्राला जातो. पलीकडं पडलेला शिवना नदीतून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात. तिनं बाटलीतलं पाणी थोडं इकडं, थोडं तिकडं ओतलं. आई म्हणाली, "पाणी वाया घालवू नकोस." दोघींचंही बरोबर.

पितळखोऱ्याच्या माथ्यावर गाडी लागली. पायऱ्या आईला जमणाऱ्या नव्हत्या, ती कठड्याशी उभी राहिली. खाली घळ, मग हिरव्यात हिरवं, मग धुरकट होत गेलेला खान्देश. तिनं विचारलं, "देऊळ कुठं?" काल आम्ही जिकडून आलो तिकडं मी हात केला. झाडीत काही दिसत नव्हतं.

"म्हणजे आपण देवीच्या मागं उभे आहोत."

"मागं आणि वर."

तिनं खाली वाकून चपला काढल्या आणि बाजूला ठेवल्या. मग भाचीनंही काढल्या. मी बुटांच्या नाड्या सोडेपर्यंत दोघींचा नमस्कार होऊन गेला होता.

तिथून हिवरखेड्याच्या फाटकातून गौताळ्यात शिरलो. हा भाग खालच्यासारखा नाही. सपाट, रुंद, गाडीनं हिंडता येणारा, मध्ये गौताळा तलाव. मोर रस्त्यावरच उभे. एक नीलगाय दिसली, तिनं आमच्याकडं पाहून पाठ फिरवली. आईला हे सगळ्यात जास्त आवडलं. मला खालचंच. तलावाकाठी भाकरी-ठेचा खाल्ला, कागद पिशवीत भरून घेतले, चारला निघालो.

घाट उतरल्यावर रस्त्याच्या कडेला एक बाई शेतातली सीताफळं घेऊन बसली होती. आईनं एकेक फळ उचलून खवल्यांमधल्या भेगा पाहिल्या, डोळे उघडलेली तेवढी निवडली, भाव केला, मग बाईला दोन रुपये जास्तच दिले. त्यातली सहा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या बॅगेत आली. रात्रीची गाडी.

बुधवारी पुण्यात पहिलं पिकलं. गॅलरीत उभा राहून खाल्लं आणि बिया बशीत काढून मोजल्या. ५३. भाचीला मेसेज केला.

पाच मिनिटांनी तिचं उत्तर आलं: "म्हणजे उदमांजरानं अख्खं खाल्लं नव्हतं."